आजोळाची उलटी वाट

खानदेशात शेतीचं वर्ष आखाजीला संपतं आणि त्याच दिवशी नवं सुरू होतं. अक्षय्य तृतीयेला सालदाराचा जुना हिशेब मिटतो, नवा ठरतो. पेरणी अजून लांब असते, शाळेला सुट्टी लागलेली किंवा लागण्याच्या बेतात असते. त्यामुळे सासुरवाशिणी माहेरी यायच्या त्या याच सणाला. लिंबाला बांधलेला झोका, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस, पुरुषमंडळींचे पत्ते, यावर भरपूर लिहून झालंय. त्यात एक गोष्ट राहून जाते. लेकीबरोबर तिची पोरंही यायची आणि चांगली तीन-चार आठवडे राहायची. आपल्या बोली टिकल्या त्यात या आठवड्यांचा वाटा फार मोठा आहे.

कारण बाकी कुठेच त्यांना जागा नव्हती. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे शाळा आणि कचेऱ्या आल्या त्या प्रमाण मराठी घेऊन. १९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळे. दोन्हीकडचे कागद मराठीतच लिहिले जात. १९०७ मध्ये ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी घातली ती भिल्ली भाषांच्या खंडात, मराठीच्या नव्हे. 'घरना', 'मन्हा', 'तुले' अशी रूपं ऐकली की कान मराठी आणि गुजरातीच्या मध्ये कुठेतरी थांबतो, हे खरंच आहे. अशी भाषा पुस्तकातून शिकायची सोयच नव्हती. ती आजीच्या ओट्यावर बसून शिकायची.

लेखणीचं महत्त्व किती, हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्याला जन्मल्या आणि जळगावला नांदल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांची बोली धुळ्याकडच्या अहिराणीहून वेगळी, लेवा गणबोलीच्या जवळची. त्या ओव्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ पितांबर यांनी त्या टिपून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. टिपलं गेलं तेवढंच आपल्यापर्यंत पोहोचलं. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते, पण आईची बोली त्यांनी 'सुधारली' नाही. हे मला त्यांचं मोठं काम वाटतं.

आमच्या पिढीत ही वाट उलटी झाली. माझी आई जळगावकडची, वडील धुळ्याचे, आणि मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. बायकोची आणि माझी, दोघांची रजा मिळून आठवडाभराच्या वर जात नाही. म्हणून आजोळ आमच्याकडे येतं. आई-बाबा महाराष्ट्र एक्स्प्रेसने येतात, सोबत कळण्याचं पीठ, भरताची वांगी, वर्षभराचे पापड. दोन महिने राहतात.

पाहुणा यजमानाची भाषा बोलतो, हा जगाचा नियम आहे. गावात नातू पाहुणा होता, म्हणून तो 'आठे', 'तठे' म्हणायला शिकायचा. पुण्यात आजोबा पाहुणे आहेत. सोसायटीच्या बागेत ते शेजाऱ्यांशी जपून बोलतात आणि माझ्या तीन वर्षांच्या मुलीशी तर पुस्तकातलं मराठी. फोनवर धुळ्याच्या भावाशी बोलताना मात्र आवाज मोकळा होतो, अहिराणी वाहू लागते. मुलगी त्या वेळी खेळणं सोडून त्यांच्याकडे बघत बसते. आपल्या आजोबांच्या आत आणखी कुणीतरी आहे, एवढं तिला कळलेलं दिसतं.

जनगणनेत खानदेशी (यात अहिराणीही मोजली जाते) मातृभाषा म्हणून सांगणारे २००१ मध्ये सुमारे २०.७५ लाख होते, २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख. मातृभाषा काय सांगायची हा प्रश्न आधी घरात सुटतो, मग मोजणीदाराच्या कागदावर उमटतो.

यंदा मी बाबांना म्हटलं, "तुम्ही तिच्याशी काकांशी बोलता तसंच बोला."

ते म्हणाले, "शाळेत हसतील तिला."

हे ते स्वतःच्या शाळेबद्दल बोलत होते. धुळ्याच्या वर्गात त्यांना हसलेली पोरंही घरी अहिराणीच बोलत असणार. त्या हसण्याला साठ वर्षं होत आली, तरी त्याचा धाक पुण्याच्या फ्लॅटपर्यंत पोहोचलाय. रेल्वे आणि रजा यांच्यापेक्षा आजोळाची वाट जास्त अडवली आहे ती या धाकाने, असं मला आता वाटतं.