थांबणाऱ्या गाडीचा इतिहास

कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथमार्गे बदलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळा संपता संपता एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याकडेच्या गॅरेजपुढे गाडी जॅकवर चढवलेली असते. चाक उतरवून भिंतीला टेकवलेले असते. एक जण आत बसून ब्रेकचे पेडल दाबत असतो आणि दुसरा चाकापाशी आडवा होऊन सांगत असतो, "दाबा... धरा... सोडा." पारदर्शक नळीतून बाटलीत ब्रेक ऑइल येत असते आणि त्याबरोबर हवेचे बुडबुडे. बुडबुडे संपले की काम झाले.

या साध्या कामात सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम आहे, तसाच विसाव्या शतकातल्या मोटारीचा बराचसा इतिहासही आहे. गाडी म्हटले की मुलांना वेग आठवतो. इंजिन किती ताकदीचे, गाडी ताशी किती किलोमीटर पळते, हे त्यांना तोंडपाठ असते. पण वेगवान गाडीचा इतिहास नीट पाहिला तर तो मुख्यतः दोन गोष्टींचा आहे : चाके रस्त्याला धरून कशी ठेवायची आणि ती वेळेवर कशी थांबवायची. पहिले काम सस्पेन्शनचे, दुसरे ब्रेकचे. ही दोन्ही कामे अनेक हौशी माणसांनी स्वतःच्या हातांनी केली. त्यात त्यांना काय जमले आणि काय जमले नाही, ते पाहण्यासारखे आहे.

कॅम्प आणि प्रोटोटाइप

या रस्त्यावरची दोन गावे आपल्या विषयाला चांगली उपयोगी पडतात. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली, पण 'कॅम्प' हा शब्द लोकांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. हाती भांडवल नसलेल्या या लोकांनी छोटे छोटे धंदे उभे केले. समोरची वस्तू उलगडायची, पाहायची आणि तशीच दुसरी घडवायची, ही विद्या इथे मुरली. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद त्यातूनच आला. विनोद सोडून दिला तर मागे उरते ते पाहून शिकणाऱ्या हातांचे कसब.

पुढचे स्टेशन अंबरनाथ. इथे १९५० च्या दशकात संरक्षण खात्याचा एक कारखाना उभा राहिला, 'मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी'. प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना. यंत्राची कल्पना आणि यंत्राचे उत्पादन यांच्या मध्ये एक पायरी असते. नमुना करायचा, मोजायचा, चुका काढायच्या आणि पुन्हा करायचा. नक्कल आणि नमुना यांतला हा फरक ध्यानात ठेवून आता आपण मोटारीकडे वळू.

फियाटवाल्यांची शाळा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. हीच गाडी १९७० च्या दशकात पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे पोलादी पाट्यांच्या कमानी आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी तिची रचना होती.

परवान्यांच्या त्या काळात परदेशी स्पोर्ट्स कार आणणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्याला वेगाची हौस असे तो आपलीच गाडी सुधारी. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत अशा सुधारलेल्या फियाट आणि घरी जुळवलेल्या गाड्या धावत. इंजिन कसेबसे तयार करता येई. खरी परीक्षा वळणावर आणि वळणाच्या आधी होई.

तिथे पहिला धडा स्प्रिंगचा मिळे. गाडी खाली बसवली तर वळणावर कमी कलते, म्हणून स्प्रिंगची वेटोळी कापण्याचा मोह होतो. तो आजही होतो. स्प्रिंग कापली की ती मऊ होईल असे पुष्कळ मुलांना वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. स्प्रिंगचा ताठपणा तिच्या कार्यरत वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेटोळ्यांची स्प्रिंग कापून सहाची केली तर ती ८/६ पट, म्हणजे सुमारे १.३३ पट ताठ होते. खड्ड्यात चाक खाली जायला हवे तेव्हा ते जात नाही, उंचवट्यावरून उडते आणि क्षणभर रस्ता सोडते. जे चाक रस्त्याला टेकलेलेच नाही, त्याला ब्रेक लावून काय उपयोग? सस्पेन्शन आणि ब्रेक हे दोन विषय वेगळे नाहीत, ते असे.

वर्गात हे दाखवायला एकसारखी रबरबँडे पुरतात. एका रबरबँडला वजन टांगा व ताण मोजा. मग दोन एकापुढे एक जोडून तेच वजन टांगा. ताण जवळजवळ दुप्पट होतो. लांब साखळी मऊ, आखूड साखळी ताठ.

इचलकरंजीची मीरा

रबराचा उल्लेख आला म्हणून एका माणसाची आठवण करायला हवी. शंकरराव कुलकर्णी हे इचलकरंजीचे. शालेय शिक्षण थोडे, पण हात आणि डोके विलक्षण. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार करायची या ध्यासाने त्यांनी १९४९ च्या सुमारास पहिला नमुना उभा केला आणि १९७० च्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारलेले नमुने करीत राहिले. गाडीचे नाव 'मीरा'. तिच्या सस्पेन्शनमध्ये नेहमीच्या पोलादी स्प्रिंगांऐवजी रबर होते.

ही कल्पना किती पुढची होती पाहा. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आलेली जगप्रसिद्ध 'मिनी' मोटारही रबराच्या शंकूंवरच उभी होती. ते अ‍ॅलेक्स मोल्टन या अभियंत्याचे काम. रबराचे दोन गुण इथे कामी येतात. भार वाढतो तसे ते अधिक ताठ होत जाते, त्यामुळे एकटा चालक असो की चौघे जण, गाडी सांभाळली जाते. दुसरे असे की, दाबताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. थोडी उष्णता होऊन जाते व हेलकावे लवकर शमतात.

मीरा रस्त्यावर धावली, पण कारखान्यातून कधी निघाली नाही. उत्पादनाचा परवाना आणि भांडवल यांचे गणित जुळले नाही. ती नमुनाच राहिली. एका माणसाच्या हातांनी नमुना होतो, एवढे मीराने सिद्ध केले. हजारो गाड्या तशाच भरवशाच्या होण्यासाठी त्या हातांमागे चाचणीशाळा, साहित्य आणि पैसा उभा राहावा लागतो.

तुकड्यांनी विकलेली स्पोर्ट्स कार

त्याच काळात इंग्लंडमध्ये वेगळी वाट निघाली. कॉलिन चॅपमन या तरुणाने १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी घरच्या घरी तयार केली. पुढे त्याने लोटस कंपनी काढली आणि १९५७ मध्ये 'लोटस सेव्हन' आणली. तयार मोटारीवर तिथे मोठा खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ही गाडी सुट्या भागांत मिळे व गिऱ्हाईक ती आपल्या अंगणात जोडी. स्प्रिंगा बसवणे, ब्रेकची नळी जोडून हवा काढणे, सारे मालकानेच करायचे. मात्र भाग कारखान्यात मोजून-पारखून केलेले असत, हे विसरायचे नाही.

या गाडीची छाया आपल्याकडेही पडली. चालू शतकाच्या पहिल्या दशकात अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने तशाच धाटणीची, फायबरच्या बॉडीची आणि १८०० सीसीच्या इसुझू इंजिनाची छोटी रोडस्टर केली.

थांबण्याची किंमत

आता ब्रेककडे येऊ. गाडी थांबते म्हणजे तिची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. भरलेली गाडी हजार किलोची धरा. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाला तिची ऊर्जा १,१२,५०० ज्यूल. वेग दुप्पट, ताशी १०८ केला तर ती ४,५०,००० ज्यूल, म्हणजे चौपट. एवढ्या उष्णतेने दीड लिटर पाणी २७ अंशांवरून जवळजवळ उकळीला येते. हे काम एका थांबण्याचे.

बदलापूरकर कर्जत-खोपोलीमार्गे खंडाळ्याला जातात. घाटाचा चढ सुमारे साडेपाचशे मीटरचा. तो उतरताना याच गाडीला जवळपास ५४ लाख ज्यूल ऊर्जा टाकून द्यावी लागते, म्हणजे ताशी १०८ वेगावरून बारा वेळा थांबल्याइतकी. खालचा गिअर वापरला तर त्यातली बरीच इंजिन शोषते. न वापरला तर सगळी ब्रेकच्या वाट्याला येते.

बंद ड्रममध्ये ही उष्णता कोंडते. ड्रम तापून फुगतो व शूपासून दूर जातो. लायनरचे घर्षणही घटते. पाय दाबला तरी गाडी आवरत नाही. यावरचा उपाय, उघड्या हवेत फिरणारी तबकडी, ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्येच पेटंट केला होता. पण तो पटायला १९५३ साल उजाडले. त्या वर्षी फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. बाकीच्यांचे ब्रेक तापून मंदावत असताना तिचे चालक वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग राखू शकत होते. चांगल्या ब्रेकने गाडी केवळ सुरक्षित झाली नाही, ती वेगवानही झाली.

डोळ्यांना न दिसणारे

स्प्रिंग चुकली तर बसणाऱ्याला लगेच कळते. ब्रेकची चूक मात्र गरज पडेपर्यंत लपून राहते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. 'डॉट ३' या प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरले की प्रमाणानुसार १४० अंश पुरे मानतात. उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत हे विशेष ध्यानात घ्यायला हवे. तापलेल्या ब्रेकमध्ये असे तेल उकळते, वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल मग सरळ तळाशी.

मास्टर सिलिंडरमधल्या रबरी वॉशरचेही तसेच. त्याचा आकार पाहून हुबेहूब नक्कल करता येते, पण रबर कोणत्या जातीचे आहे ते दिसत नाही. या ब्रेकमध्ये चुकून इंजिनाचे खनिज तेल घातले तर वॉशर फुगतो आणि ब्रेक अडकतो. ड्रममधली धूळ फुंकून काढण्याची सवयही अशीच घातक. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू फुप्फुसात जातात व त्यांतून पुढे कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. ओल्या फडक्याने पुसणे हा साधा उपाय आहे. फुंकर किंवा हवेचा पाइप नको.

पेडलचा खेळ वर्गात दोन इंजेक्शनच्या सिरिंजांनी दाखवता येतो. (सुया नकोतच.) एक छोटी, एक मोठी, मध्ये प्लास्टिकची नळी, आत पाणी. छोटीचा दट्ट्या हलक्या बोटाने दाबला की मोठीचा दट्ट्या जोराने, पण थोडाच सरकतो. आता नळीत हवेचा बुडबुडा सोडा. बोट पुढे जाते, पलीकडे हालचाल उशिरा व कमी होते. गॅरेजपुढचे "दाबा, धरा, सोडा" कशासाठी, ते मुलांना एका मिनिटात समजेल.

आधी थांबून दाखवा

मग मुलांना गाडीला हात लावू द्यावा की नाही? कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेहून वेगळे फेरफार करण्यावर बंधने आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितले. रस्त्यावरच्या गाडीची स्प्रिंग कापणे ही हौस नव्हे, तो इतरांच्या जिवाशी खेळ आहे.

पण याचा अर्थ हात बांधून ठेवावेत असा आम्ही करीत नाही. २००७ पासून आपल्याकडे 'बाहा' ही स्पर्धा भरते. इंदूरजवळ पिथमपूरला ती सुरू झाली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिच्यासाठी स्वतः गाडी बांधतात. सस्पेन्शन त्यांचे, ब्रेकची जुळणी त्यांची. नियम मात्र असा की, धावण्याआधी तपासणी होते आणि ब्रेकची चाचणी होते. ब्रेक लावताच चारही चाके एकदम अडकली पाहिजेत. ज्याला थांबता येत नाही, त्याला धावू दिले जात नाही.

उल्हासनगरचे पाहून घडवणारे हात आणि अंबरनाथच्या कारखान्याच्या नावातला 'नमुना' यांच्या मधली वाट तीच आहे. हाताने घडवावे, पण भरवसा मोजून ठेवावा. पुढच्या वेळी शाळेच्या वाटेवर गॅरेजपुढे गाडी जॅकवर दिसली तर नववी-दहावीच्या मुलांना पाच मिनिटे तिथे उभे करा. बुडबुडे संपेपर्यंत मिस्त्री का थांबतो, हे त्यांनीच त्याला विचारावे.