स्कोपा : चाळीस पानांची कहाणी

पत्त्यांचा कॅट दिसला की आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. एके काळी आमच्याही पडत. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो, तेव्हा एका युवक शिबिरात मुलांच्या हातची पाने हिसकावून घेऊन आम्ही ती शेकोटीत टाकली होती. पैशाचा संबंध नव्हता. साधा मेंढीकोट चालला होता. परंतु आपण एका थोर संताच्या पावलावर पाऊल ठेवीत आहोत, अशी आमची त्या रात्री ठाम समजूत होती.

तो संत म्हणजे सिएनाचा बर्नार्दिन (१३८०–१४४४). या फ्रान्सिस्कन प्रवचनकाराने १४२३ साली बोलोन्या नगरीत जुगाराविरुद्ध अशी वाणी चालविली की लोकांनी पत्ते, फासे आणि सोंगट्यांचे पट घरांतून आणून अग्नीच्या स्वाधीन केले. परंपरा सांगते की, पत्ते रंगवून पोट भरणारा एक कारागीर त्याच्याकडे आला आणि आपला धंदा बुडाल्याचे गाऱ्हाणे त्याने मांडले. बर्नार्दिनने त्याला सूर्याच्या किरणांत येशूच्या नामाची अक्षरे काढून दाखविली व पत्त्यांऐवजी हेच रंगवीत जा असे सांगितले. आपल्या वेदीवर आपण जी ‘आय एच एस’ अक्षरे पाहतो, ती घरोघरी पोहोचविण्यात या संताचा वाटा मोठा आहे. त्या कारागिराच्या पोटाची काळजी संताने वाहिली, ही गोष्ट मात्र आम्ही शेकोटीपाशी विसरलो होतो.

बर्नार्दिनच्या काळी पत्ते इटलीत नवखेच होते. १३७७ साली फ्लॉरेन्स नगराने ‘नाइब्बे’ नावाच्या नव्या खेळावर बंदी घातली. हे नाव अरबी ‘नाइब’ म्हणजे प्रतिनिधी या शब्दावरून आले. इजिप्तच्या मामलुक राजवटीतील पत्त्यांत राजाच्या हाताखाली नाइब असत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात असा एक कॅट १९३१ साली अभ्यासकांच्या दृष्टीस पडला. त्याचे चार रंग असे : प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. इटलीत पोलो कोणी खेळत नसे; तेव्हा काठीचा सोटा झाला, बाकीचे तिन्ही तसेच राहिले. आपल्या परिचयाच्या कॅटातही याची खूण आहे. आपण ज्याला इस्पिक म्हणतो त्याचे इंग्रजी नाव ‘स्पेड’ फावड्यावरून आलेले नसून इटालियन ‘स्पादे’ म्हणजे तलवारींवरून आले आहे. किलवरला इंग्रजीत ‘क्लब’, म्हणजे सोटा म्हणतात, आणि पानावर मात्र तीन पाकळ्यांचे पान असते! चित्र फ्रान्सचे, नाव इटलीकडचे.

पुढे काही वर्षांनी शिक्षणासाठी आम्ही रोमला गेलो. उन्हाळ्याच्या सुटीत नेपल्सच्या बाजूच्या एका गावी मदतीला धाडण्यात आले. मिस्सा आटोपली की चर्चच्या सभागृहात म्हातारी मंडळी स्कोपा खेळत. भाषा शिकायची तर या मेजाशी बसा, असे तेथील वृद्ध धर्मगुरूंनी सुचविले. आम्ही संकोचत बसलो.

स्कोपा म्हणजे केरसुणी. कॅटात चाळीसच पाने; अठ्ठी, नव्वी, दश्शी नाहीत आणि राणीही नाही. गुलामाचे मोल ८, घोडेस्वाराचे ९, राजाचे १०. प्रत्येकाला तीन पाने वाटायची व चार मेजावर उघडी मांडायची. हातच्या पानाइतक्या मोलाचे पान, किंवा ज्यांची बेरीज तितकी होते अशी पाने उचलायची. सत्तीने पंजी व दुर्री मिळून उचलता येतात. पण मेजावर सत्तीच पडलेली असेल तर तीच घेतली पाहिजे. या एका नियमापायी आमचे पहिले आठ दिवस हारीत गेले. मेज साफ झाले की केरसुणी फिरली, म्हणजे एक गुण. शेवटी ज्याच्याकडे पाने अधिक, नाणी अधिक, नाण्यांची सत्ती, आणि ज्याची ‘प्रिमिएरा’ वरचढ, त्याला प्रत्येकी एक गुण. अकरा गुण झाले की जिंकला.

प्रिमिएरा आम्हाला काही केल्या समजेना. चारही रंगांतील आपले एकेक उत्तम पान मोजायचे. पण त्यात सत्तीला २१, छक्कीला १८, एक्क्याला १६, आणि राजाला बिचाऱ्याला अवघे १०! हा उलटा हिशेब कोठून आला? सोळाव्या शतकात प्रिमिएरा हा स्वतंत्र जुगार होता व त्यात घरेदारे बुडत. कॅराव्हाज्जोने १५९४ च्या सुमारास रंगविलेल्या ‘पत्तेचोर’ या चित्रातील खेळ बहुधा तोच. ते चित्र एका कार्डिनलने, देल मोंते यांनी, विकत घेतले होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तो जुगार इटलीत मागे पडला. त्याचे मोल तेवढे स्कोपात एका गुणापुरते उरले. म्हणूनच नाण्यांच्या सत्तीचे एवढे कौतुक. ते एक पान चारही गुणांच्या हिशेबात येते. त्याला ‘सेत्तेबेल्लो’ म्हणतात. १९५३ साली मिलान-रोम मार्गावर धावू लागलेल्या दिमाखदार आगगाडीलाही हेच नाव मिळाले होते.

चौघांनी जोडीने खेळायच्या प्रकारास ‘स्कोपोने’ म्हणतात. १९८२ च्या जुलैत फुटबॉलचा विश्वचषक जिंकून संघ माद्रिदहून परतताना विमानात राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी हाच डाव खेळत बसले होते. कर्णधार झॉफ त्यांचे भिडू, समोर प्रशिक्षक बेआर्झोत व खेळाडू काउझिओ, आणि मेजावर विश्वचषक. त्या गावच्या सभागृहात हे छायाचित्र कोणी तरी भिंतीला लावले होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आमच्या वृद्ध भिडूला शेकोटीची हकिगत सांगितली. बर्नार्दिनचेही नाव घेतले. त्यांनी हातचे पान टाकले आणि एवढेच विचारले, “त्या मुलांपाशी दुसरा कॅट होता का?” नव्हता, आम्ही म्हणालो. डाव संपल्यावर त्यांनी पाने गोळा केली, दोरा बांधला व कॅट आमच्या झग्याच्या खिशात सरकवला.

त्या शिबिरातील मुले आता चाळिशीत आहेत. त्यांतील दोघांना आम्ही स्कोपा शिकविला. एक जण अजूनही मेजावरची सत्ती सोडून बेरीजच उचलायला जातो.