विक्रेत्याची शर्यत : जॉन क्लेलंड आणि ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेचे एक दशक

१९८९ साली ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेचे अजिंक्यपद ज्याला मिळाले, त्याची गाडी शर्यतीच्या शेवटी सहसा पहिली नसे. तिच्या पुढे चारपाच, कधी त्याहून जास्त गाड्या रेषा ओलांडून गेलेल्या असत. तरीही वर्षअखेरीस सर्वांत जास्त गुण जॉन क्लेलंड या स्कॉटिश मोटारविक्रेत्याच्या नावावर होते, आणि त्यात काही गैर नव्हते. नियमच तसा होता.

हा नियम मराठी वाचकाला कुस्तीच्या वजनगटांवरून चटकन कळेल. त्या काळी या स्पर्धेत गाड्यांचे इंजिनाच्या आकारानुसार चार गट होते आणि ते सगळे एकाच वेळी, एकाच सर्किटवर धावत. प्रत्येक गटातल्या पहिल्याला सारखेच गुण. वर्षअखेरीस चारही गटांचे गुण एकाच तक्त्यात मांडायचे आणि ज्याचे सर्वाधिक, तो विजेता. म्हणजे हलक्या गटातला मल्ल आपल्या गटातल्या सगळ्यांना चीत करत राहिला, तर ज्याच्याशी त्याची कधी कुस्तीच झाली नाही अशा जड मल्लाच्या आधी गदा त्याच्या खांद्यावर यायची. जड गटात फोर्डच्या सिएरा आरएस ५०० होत्या. शर्यतीत उतरवता यावी म्हणून फोर्डने १९८७ मध्ये अशा नेमक्या पाचशेच गाड्या बनवल्या. टर्बो इंजिनाच्या त्या गाड्या शर्यतीसाठी सजवल्या की पाचशे अश्वशक्तीच्या घरात जात. क्लेलंडची गाडी होती व्हॉक्सहॉल ॲस्ट्रा जीटीई, दोन लिटरची, पुढच्या चाकांवर चालणारी, बाजारात तरुण मुलांना भुरळ घालणारी हॅचबॅक. सिएरांचा धुरळा खात खात ती आपल्या गटात पहिली येत राहिली.

हे आडवळणी यश पहिल्यांदाच घडत होते असेही नाही. १९८६ आणि १९८७ साली ख्रिस हॉजेट्सने छोट्या टोयोटा कोरोलामधून हेच केले होते. त्याही आधी १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे बिल मॅकगव्हर्नने सनबीम इम्प या चिमुकल्या गाडीतून अजिंक्यपद राखले. मॅकगव्हर्न इंग्लिश, पण इम्प मात्र स्कॉटलंडमधल्या पेझ्लीजवळच्या लिनवुड कारखान्यात बनलेली. क्लेलंडच्या वेळी उलटे झाले: गाडी इंग्लंडची, चालवणारा स्कॉटिश.

व्हॉक्सहॉल हे नाव आपल्याकडे कोणी फारसे घेत नसले तरी ही कंपनी आपल्या ओळखीची आहे. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा म्हणजे साच्यांसकट विकत घेतलेली सत्तरच्या दशकातली व्हॉक्सहॉलच. पुढे ओपेल या जर्मन भावंडाच्या नावाने ॲस्ट्रासुद्धा भारतात आली. ब्रिटनमध्ये मात्र व्हॉक्सहॉलचा खरा आधार होता कॅव्हेलियर ही चार दारांची सलून. ही गाडी लोक स्वतःच्या पैशाने जेवढी घेत, त्याहून जास्त कंपन्या आपल्या फिरत्या विक्रेत्यांसाठी घेत. मागच्या खिडकीच्या हुकला कोट लटकावलेला, शेजारच्या सीटवर नमुन्यांची बॅग आणि समोर मोटरवे. क्लेलंडचे नाव पुढे याच गाडीशी कायमचे जोडले गेले. त्यात मला एक गंमत दिसते, कारण तो स्वतः पोटापाण्याने गाड्या विकणारा माणूस होता.

त्याचा जन्म १५ जुलै १९५२ चा, विशॉ गावचा. व्यवसाय मात्र दक्षिणेकडच्या बॉर्डर्स भागात, गालाशील्स या एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांसाठी गाजलेल्या गावात. हा मुलूख मोटारशर्यतींच्या इतिहासात आधीच नोंदला गेला होता. दोनदा जगज्जेता झालेला जिम क्लार्क याच बॉर्डर्समधला, चर्नसाइडजवळच्या मेंढ्यांच्या शेतावरचा. १९६४ साली लोटस कॉर्टिनामध्ये बसून त्याने ही सलून गाड्यांची स्पर्धाही जिंकली होती. ती कॉर्टिना वळणावर आतल्या बाजूचे पुढचे चाक हवेत उचलून धावतानाची छायाचित्रे आजही डोळ्यांपुढे येतात. क्लार्क शेतकरी होता, तीनदा जगज्जेता झालेला जॅकी स्टुअर्ट डंबार्टनजवळच्या गॅरेजवाल्याचा मुलगा. क्लेलंड त्या दोघांच्या पंक्तीला बसवावा असा दावा मी करणार नाही. तो फॉर्म्युला वनच्या वाटेला गेला नाही, आणि या स्पर्धेत आला तेव्हा पस्तिशी ओलांडून गेली होती. त्याआधी तो थंडरसलून नावाच्या प्रकारात चालवायचा. त्यात ओळखीच्या सलूनच्या कवचाखाली भलेमोठे इंजिन बसवत. तिथला दणकट, अंगावर येणारा ढंग त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

१९९१ मध्ये नियम बदलले आणि आपल्या विषयाला खरा रंग चढला. गट गेले. सगळ्यांसाठी एकच मोजमाप आले: दोन लिटरचे इंजिन, टर्बो नाही, मिनिटाला जास्तीत जास्त ८,५०० फेरे. आता जो पुढे, तो पुढे. शोरूममध्ये दिसते तीच गाडी रविवारी शर्यतीत दिसू लागली, आणि मोटार कंपन्यांना यातली जाहिरात दिसायला वेळ लागला नाही. बीबीसीवर मरे वॉकरचे समालोचन होतेच. साधे वळणसुद्धा जगबुडी आल्यासारखे वर्णन करणारा हा माणूस. त्याच्या आवाजामुळे दूधवाल्यापासून बँकेच्या कारकुनापर्यंत सगळे आपण घरी चालवतो त्या गाडीच्या बाजूने ओरडू लागले. त्या वर्षी क्लेलंडच्या कॅव्हेलियरला विल हॉयच्या बीएमडब्ल्यूने मागे टाकले. क्लेलंड दुसरा.

१९९२ च्या हंगामाचा शेवट सिल्वरस्टोनला, ऑक्टोबरमध्ये होता. अजिंक्यपदाची संधी तिघांना होती: टोयोटातला हॉय, बीएमडब्ल्यूतला टिम हार्वी आणि कॅव्हेलियरमधला क्लेलंड. चौथा माणूस स्टीव्ह सोपर. त्याला स्वतःला काहीच मिळवायचे नव्हते, पण तो हार्वीच्या संघातला होता. शर्यतीच्या सुरुवातीलाच सोपरची गाडी गरगरली आणि तो तळाला गेला. तिथून तो वाटेत येईल त्याला बाजूला सारत वर आला. शेवटच्या फेऱ्यांत तो क्लेलंडला भिडला आणि धक्काबुक्की करत पुढे घुसला. त्या गोंधळात हार्वीलाही वाट मिळाली. क्लेलंडने गाडीतूनच एक बोट वर करून आपले मत कळवले. त्या बोटाचा अर्थ ब्रिटनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण समालोचन करणाऱ्या वॉकरने तो ‘मी पहिला येणार, असे क्लेलंड म्हणतो आहे’ असा लावला. त्याचा हा समयसूचकपणा पुढे शर्यतीइतकाच प्रसिद्ध झाला. काही क्षणांत लफील्डच्या वळणावर क्लेलंडने आतून मुसंडी मारली. कॅव्हेलियर दोन चाकांवर उचलली गेली, दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि दोघेही शर्यतीबाहेर गेले. हार्वी विजेता झाला, हॉय दुसरा आला आणि क्लेलंड तिसरा. गाडीतून उतरल्यावर कॅमेऱ्यासमोर क्लेलंडने सोपरला सरळ ‘जनावर’ म्हटले.

दोष कोणाचा, यावर आजही वाद होतो. चित्रफीत उपलब्ध असल्याने तो मिटायला हवा होता, पण तीच वाद तेवत ठेवते. सोपरच्या बाजूचे लोक म्हणतात की वळण त्याचे होते आणि आत शिरण्याइतकी जागाच नव्हती. क्लेलंडच्या बाजूचे म्हणतात की सोपरने दार मुद्दाम लावून घेतले. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. तरीही मला वाटते की शेवटच्या वळणाकडे पाहून निवाडा करण्यात चूक आहे. त्याआधीची धडक पाहा. एका संघाच्या दोन गाड्या आणि समोर एकटा माणूस, हे गणित तिथेच सुटलेले होते. लफील्डला क्लेलंडने जे केले तो अविचार खराच. पण गप्प मागे राहिला असता तरी अजिंक्यपद जाणारच होते. पेनल्टी क्षेत्रात कबड्डी चालली होती आणि पंच एकालाच बाद ठरवायला निघाले, असा तो प्रकार.

या प्रसंगाने क्लेलंडचे नाव झाले आणि नुकसानही झाले. टूरिंग कारचे जुने क्षण दाखवायचे म्हटले की पहिली हीच फीत लागते. दोनदा अजिंक्य ठरलेला माणूस हरलेल्या तिसऱ्या वर्षासाठी ओळखला जातो. इतिहास लिहिणाऱ्यांनी तरी या मोहाला बळी पडू नये, म्हणून १९९५ कडे जरा थांबून पाहायला हवे.

मधल्या दोन वर्षांत परदेशी कंपन्यांनी पैसा ओतला. १९९३ चे अजिंक्यपद बीएमडब्ल्यूच्या योआखिम विंकेलहॉकने नेले. १९९४ मध्ये अल्फा रोमिओ पुढेमागे पंख जोडलेली १५५ घेऊन आली. त्यावर आक्षेप आला तेव्हा संघाने ओल्टन पार्कच्या मैदानावरून चक्क बिऱ्हाड हलवले. मग परत येऊन गाब्रिएल तार्क्विनीने अजिंक्यपदही जिंकले. त्याच वर्षी व्होल्वोने तर मागे सामान ठेवायची लांबलचक इस्टेट गाडी शर्यतीत उतरवली. लोक हसले, आणि व्होल्वोला नेमके तेच हवे होते. पुढच्या वर्षी त्यांनी सलून आणली आणि हसणे थांबले. रेनोच्या लागुना तयार करत होते फॉर्म्युला वनमधले विल्यम्स. व्हॉक्सहॉलचा कारभार तोवर रे मॅलकच्या संघाकडे गेला होता. हाच संघ आधी एकुरी एकॉस या स्कॉटिश नावाखाली कॅव्हेलियर चालवत असे. १९५६ आणि १९५७ साली ल माँ जिंकणारे एडिंबराचे एकुरी एकॉस ते हेच नाव. त्यांचा चालक होता डेव्हिड लेस्ली, तोही स्कॉटिश, क्लेलंडपेक्षा शांत आणि गाडीची नस ओळखणारा.

तर १९९५ मध्ये क्लेलंड त्रेचाळिशीत पोहोचला होता, आणि कॅव्हेलियर तर त्याहून म्हातारी. बाजारात येऊन सात वर्षे झालेली, जागा घ्यायला व्हेक्ट्रा दारात उभी. समोर आलँ मेन्यूची लागुना आणि रिकार्ड रायडेलची व्होल्वो. वेगात दोघेही त्याच्याहून कमी नव्हते, काही सर्किटांवर तर उघड उघड सरस. क्लेलंड जिंकला तो जुन्या गाडीच्या विश्वासार्हतेवर आणि स्वतःच्या हिशेबीपणावर. पुढच्या चाकांच्या गाडीत तीच दोन चाके ओढतात, तीच वळवतात, ब्रेकचा भारही मुख्यतः तीच घेतात. त्यामुळे सुरुवातीलाच उधळले की शर्यतीच्या शेवटी पुढचे टायर संपलेले असतात. क्लेलंडला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. दुसरे-तिसरे स्थान मिळत असेल तर ते घ्यायचे, खिशात टाकायचे. तीन वर्षांपूर्वी लफील्डला आत शिरलेला तो हाच माणूस, हे पटायला जड जाते. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे वर्ष आहे, आणि ते एका मिनिटाच्या फितीत मावत नाही म्हणूनच कमी दाखवले जाते.

नंतरची वर्षे उतरणीची. व्हेक्ट्रा दिसायला नवी, पण शर्यतीत बोजड निघाली. १९९६ मध्ये ऑडीने चारही चाकांवर चालणारी ए ४ आणून सगळ्यांची झोप उडवली. १९९७ पासून व्हॉक्सहॉल नव्या ट्रिपल एट संघाकडे गेली. मधूनच एखादा दिवस जुन्यासारखा उजाडे. १९९८ मध्ये डॉनिंग्टनच्या पावसात माजी जगज्जेता नायजेल मॅन्सेल पाहुणा म्हणून फोर्ड माँडिओ घेऊन आला आणि तळातून चक्क आघाडीवर पोहोचला. गर्दी त्याच्यासाठी वेडी झाली. शर्यत जिंकली मात्र क्लेलंडने. मॅन्सेल पाचवा आला. पुढच्या वर्षी संघात इवान म्युलर हा तरुण फ्रेंच चालक दाखल झाला आणि हंगाम संपल्यावर क्लेलंडने या स्पर्धेचा निरोप घेतला. वय सत्तेचाळीस.

योगायोग म्हणा, पण तो युगाचाही शेवट होता. कंपन्यांनी एकमेकींवर कुरघोडी करण्यासाठी इतका खर्च वाढवून ठेवला होता की २००० सालच्या हंगामात फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल एवढ्याच कंपन्या अधिकृतपणे उरल्या. २००१ पासून नवे, स्वस्त नियम आले. बॉर्डर्समधल्या या विक्रेत्यानंतर स्कॉटलंडला अजिंक्यपदासाठी २०१२ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा होंडा सिव्हिकमधून गॉर्डन शेडनने ते मिळवले आणि २०१५, २०१६ मध्ये पुन्हा.

२००१ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या हजार किलोमीटरांच्या शर्यतीत क्लेलंड ब्रॅड जोन्सच्या जोडीने फोर्ड फाल्कनमधून दुसरा आला. गालाशील्सला परतल्यावर त्याच्या शोरूममध्ये विक्रीला उभ्या असायच्या त्या गाड्या मात्र व्होल्वोच्या होत्या.