वेढा आणि संख्याबळ : परंडा किल्ल्याच्या संदर्भात

वेढ्याच्या युद्धात मोठे सैन्य हा विजयाचा मुख्य आधार मानला जातो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा या भुईकोट किल्ल्याचा सतराव्या शतकातील इतिहास या समजुतीच्या मर्यादा स्पष्ट करतो.

तटाभोवतीच्या खंदकामुळे परंड्यावर थेट हल्ला करणे अवघड होते. त्यामुळे मोर्चे बांधणे, सुरुंग खणणे आणि रसद तोडणे हेच मार्ग उरत. त्यांसाठी मनुष्यबळ व वेळ दोन्ही लागत; परंतु फौज जितकी मोठी, तितका तिच्या हाताशी असलेला वेळ कमी. आतील शिबंदी कोठारातील साठ्यावर तग धरी. बाहेरील घोडे, बैल व हत्ती यांना मात्र रोज चारा लागे.

इ. स. १६३१ मध्ये, दख्खनच्या भीषण दुष्काळात, मोगल सरदार आझमखान यास चाऱ्याअभावी निजामशाही परंड्याचा वेढा उठवावा लागला. पुढे किल्ला आदिलशाहीकडे गेला. १६३४ मध्ये शाहजादा शुजा व महाबतखान मोठ्या फौजेनिशी आले. त्यांनी सुरुंग लावले. पण वैरणीसाठी दूर जाणाऱ्या तुकड्यांवर आदिलशाही स्वार छापे घालीत. सरदारांतील बेबनावाची त्यात भर पडली आणि पावसाळ्याच्या तोंडावर फौज बुऱ्हाणपूरकडे परतली.

अखेर १६६० मध्ये आदिलशाही किल्लेदार गालिब यानेच किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. दोन वेढ्यांना न साधलेले कार्य किल्लेदार वश केल्याने साधले. सारांश, वेढा घालणाऱ्या सैन्याची संख्या त्या मुलखातील चारा-पाण्याशी ताडूनच तिचे बळ ठरवावे लागते.