बाजूची दोन चाकं

"चार-पाच वर्षांच्या पोराला पहिली सायकल घ्यायची आहे, कुठली घेऊ?" माझं सायकलींचं वेड नात्यागोत्यात ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. माझं उत्तर ठरलेलं असतं. मजबूत घ्या, बाजूला आधाराची दोन चाकं असलेली घ्या, पण ती चाकं सहज काढता येतील अशी घ्या. यातला शेवटचा भाग कुणी फारसा मनावर घेत नाही. तो महत्त्वाचा का, हे सायकलचा इतिहास पाहिला की चटकन कळतं.

सायकल म्हटली की आपल्याला पायडल आणि चेन आठवते. पण १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस याने जी दुचाकी रस्त्यावर आणली तिला पायडल नव्हतंच. एकामागे एक दोन चाकं, वर बसायला लाकडी फ्रेम आणि पुढचं चाक वळवायला दांडा, बस्स! बसणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीला रेटत पळायचं आणि वेग आला की पाय उचलायचे. दोन चाकांवर तोल सांभाळता येतो हे माणसाला त्या पाय उचललेल्या क्षणांत उमगलं. १८१९च्या सुमारास लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने ही दुचाकी शिकवण्यासाठी शाळाही काढली. मोठमोठे गृहस्थ पैसे मोजून तोल शिकायला जात होते!

पायडल आलं ते १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये, तेही थेट पुढच्या चाकाला. म्हणजे माणूस आधी तोल शिकला आणि पायडल मारायला त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायडल चाकालाच जोडलेलं, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं करणं आलं. त्यातून १८७०च्या दशकात पुरुषभर उंच चाकाच्या सायकली निघाल्या. त्यावरून पडणं म्हणजे तोंडावर आपटणं. अखेर १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले याने 'रोव्हर' आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, चेन मागच्या चाकाला आणि बसणारा जमिनीच्या जवळ. अशा सायकलला लोक 'सेफ्टी' म्हणजे सुरक्षित सायकल म्हणू लागले. आपल्या मुलांची सायकल हिचीच वंशज.

हवा भरलेला टायर तर मुलामुळेच आला. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून रबराच्या नळीत हवा भरून पाहिली. त्याचं पेटंट १८८८चं. याच १८८८ सालापासून किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात मोजतो, आणि ती सुरुवात झाली आपल्या शेजारच्या बेळगावात, एका सायकलच्या दुकानातून! लक्ष्मणराव मुंबईत शिक्षक होते. ते तिथून सायकली पाठवत आणि भाऊ रामुअण्णा बेळगावात त्या विकत. गिऱ्हाइकाला चालवायला शिकवण्याची वेगळी फी असे. सायकल शिकावी लागते हे त्या काळी गृहीतच होतं.

आमच्या पिढीला मुलांची सायकल ठाऊक नव्हती. मोठ्यांचीच काळी सायकल, दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकायची. ढोपरं फुटायची, पण तोल पहिल्याच दिवसापासून सांभाळावा लागायचा. आता बाजूची चाकं आली आणि क्रम उलटा झाला. मूल आधी पायडल मारायला शिकतं, तोल राहून जातो.

का राहून जातो? दुचाकी उजवीकडे वळताना उजवीकडे कलते. बाजूची चाकं तिला कलूच देत नाहीत. ती तीनचाकीसारखी वळते आणि मूल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून ते अंग उलट्या बाजूला धरायला शिकतं. शिवाय आपली अंगणं चिऱ्यांची आणि खडबडीत. दोन्ही छोटी चाकं जमिनीला घट्ट टेकलेली असली, की खळग्यात मागचं मोठं चाक अधांतरी फिरतं. मग पायडल फुकट आणि मागचा ब्रेकही फुकट. ही चाकं जमिनीपासून बोटभर वर हवीत, एका वेळी एकच टेकेल अशी.

आता खरेदीचं. कपडे घेतो तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. तिसऱ्या वर्षी बारा इंची आणि चौथ्या ते सहाव्या वर्षी चौदा किंवा सोळा इंची चाक हा ढोबळ अंदाज, पण खरं माप मुलाच्या पायाचं. बाजूच्या चाकांची पट्टी जाड हवी, हाताने वाकणारी नको. ब्रेकचा दांडा मुलाच्या बोटांत मावतो का ते त्याला दाबायला लावून बघा. चेन पूर्ण झाकलेली हवी. टायर ट्यूबचा असेल तर डनलॉपच्या मुलाला मिळालं ते सुख आपल्याही पोराला मिळेल. आणि सायकल उचलून बघा. मजबूत म्हणजे जड नव्हे. पंधरा किलोच्या मुलाला दहा किलोचं लोखंड कसं आवरणार?

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसात नट गंजतात. एका ओळखीच्या घरी गंजलेले नट सुटेनात, म्हणून पोरगी सातव्या वर्षापर्यंत चार चाकांवरच फिरली. पुढे मैत्रिणी हसल्या आणि तिने सायकलच सोडली. तेव्हा महिन्याला तेलाचे दोन थेंब सोडा.

गेल्या पंचवीसेक वर्षांत पायडल नसलेल्या, पायाने रेटायच्या छोट्या सायकली युरोपातून जगभर गेल्या. ड्राइसची दुचाकीच मुलांसाठी परत आली म्हणायची! ती वेगळी विकत घ्यायची गरज नाही. पावसाळा सरून अंगण सुकलं, की बाजूची चाकं काढा, पायडलंही काढा (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, जोर करू नका), सीट खाली करा आणि मुलाला रेटत फिरू द्या. पाय उचलून अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाऊ लागलं, की पायडलं परत बसवा. बाजूची चाकं मात्र धाकट्यासाठी पुसून माळ्यावर ठेवा.