शेरेबुक

मुंबईहून पावसाळ्यात लोणावळ्याला निघालं की द्रुतगती मार्ग लागतो तो कळंबोलीला. मग टोल, बोगदे, घाट, आणि वर मावळ. त्याच कळंबोलीचं नाव २०११ साली वेगळ्याच कारणाने पेपरांत होतं.

गोष्ट सुरू होते त्याआधी, शहापूर तालुक्यातल्या कवडासला. तिथल्या मतिमंद मुलांच्या (सरकारदरबारी तेव्हा हाच शब्द) वसतिगृहातली उपासमार आणि लैंगिक अत्याचार २०१० मध्ये छापून आले. मुंबई उच्च न्यायालयाने ती बातमीच याचिका म्हणून दाखल करून घेतली. राज्यातली अशी गृहं तपासायला 'टिस'च्या डॉ. आशा बाजपेयींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या तपासणीतूनच कळंबोलीच्या 'कल्याणी' संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला आणि इतर काही जणांना दोषी ठरवलं.

म्हणजे आधी कुणी तपासतच नव्हतं का? कायदा तर जुना आहे. १९१२ च्या ल्युनसी अ‍ॅक्टनुसार वेड्यांच्या इस्पितळांवर किमान तीन 'व्हिजिटर' नेमायचे, त्यांतला एक डॉक्टर. त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन इमारतीचा कोपरा न् कोपरा पाहायचा. येरवडा, ठाणे, रत्नागिरी, सगळीकडे हाच नियम. मुलांच्या गृहांसाठी २००० च्या बाल न्याय कायद्यात तपासणी समित्या होत्याच.

पण पाहुणे येणार म्हटलं की घरातही चादरी बदलतात. शेरेबुकात 'स्वच्छता समाधानकारक' लिहून सही होते, चहा येतो. रात्री बारा वाजता तिथे कोण जागं असतं, हे दुपारच्या भेटीत दिसत नाही. आणि जिला बोलता येत नाही, तिला संस्थाचालकासमोरच 'बरी आहेस ना?' विचारण्याला काय अर्थ? तिच्याशी खुणांनी, एकटीशी, पुन्हा पुन्हा भेटून बोलावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि तपासणीच्या दौऱ्यात नेमका तोच नसतो.

रात्रीचा प्रश्न फक्त अत्याचाराचाही नाही. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याचीही स्वतःहून दखल घेतली, तीही घटनेनंतरच.

मुलांच्या संस्थांना आता २०१५ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. म्हाताऱ्यांचं काय? हवा चांगली म्हणून मावळात वृद्धाश्रम उभे राहिले. मुलं पुण्यामुंबईत किंवा परदेशात, आईवडील इथे. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात राज्यांनी प्रत्येक जिल्ह्यात १५० जणांचं गृह उभारावं असं कलम आहे. खासगी वृद्धाश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे, असं मूळ कायद्यात नव्हतं. तिथे रविवारी गाडी घेऊन भेटायला येणारा मुलगा हाच बहुतेकदा एकमेव व्हिजिटर. तो येण्याआधी फोन करून येतो.