फोनांतर

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाची आणि माझी दहावीनंतर ताटातूट झाली तेव्हा आम्हा दोघांनाही हायसे वाटले होते. तरीही आज मी इतिहासच सांगायला बसलो आहे, कारण हा इतिहास घडत होता तेव्हा मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो होतो आणि त्यातले जखमी पासबुक घेऊन बाहेरच्या बाजूला उभे होते.

घर बदलले की स्थलांतर, नाव बदलले की नामांतर. तसा फोनच्या पोटातला कारभारी बदलला की जे होते त्याला मी फोनांतर म्हणतो. या कारभाऱ्याला शहाणी माणसे ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. फोनचे मालक आपणच. पण साताऱ्याचे छत्रपतीही मालकच होते आणि कारभार पुण्याहून चालत असे, एवढे दहावीपर्यंतच्या इतिहासातही येते.

आता तुम्ही म्हणाल, फोन बदलणे ही हौसेची बाब, तिला इतिहास कसला? मंडळी, तसे नाही. पहिली मोठी फोनांतरे हौसेने झालीच नाहीत. राज्ये बुडाली म्हणून रयतेला बिऱ्हाड हलवावे लागले.

पहिले राज्य सिंबियनचे. सायन नावाची एक ब्रिटिश कंपनी खिशात मावणारे छोटे संगणक करीत असे. (हे सायन माटुंग्याच्या पुढचे नव्हे.) त्या संगणकातला कारभारी फोनमध्ये बसवावा म्हणून १९९८ साली नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी तिच्याशी भागीदारी केली. तिचे नाव सिंबियन. पुढे भागीदारीत नेहमी होते तेच झाले. एक भागीदार मोठा होत गेला आणि २००८ साली नोकियाने बाकीच्यांचे हिस्से विकत घेऊन टाकले. आपल्याकडे तर नोकिया म्हणजेच मोबाइल, जसे डालडा म्हणजेच वनस्पती तूप. २००६ साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला त्यांचा कारखाना निघाला. हे राज्य यावच्चंद्रदिवाकरौ टिकणार याबद्दल कुणालाही शंका नव्हती. राज्य बुडण्याआधी ती तशी कधीच नसते.

९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्झने आयफोन दाखवला. आकड्यांची बटणेच नसलेला फोन! जाणत्या लोकांनी मनगटी घड्याळाला काटे नसल्यासारखे तोंड केले. तिकडे गूगलनेही २००५ साली अँड्रॉइड नावाची एक चिमुकली कंपनी विकत घेऊन ठेवली होती. हा अँड्रॉइड मुळात डिजिटल कॅमेऱ्यांसाठी योजलेला. म्हणजे व्हायचे होते फोटोग्राफर आणि लागला दुसऱ्याच नोकरीला. आमच्या बँकेत अशी माणसे पुष्कळ आहेत. २००८ साली त्याचा पहिला फोन बाजारात आला. पुढे त्याच्या आवृत्त्यांना कपकेक, डोनट, जेली बीन, किटकॅट अशी गोडाची नावे पडत गेली, आणि करंजी-अनारशांचा नंबर लागण्यापूर्वीच, २०१९ साली, ही प्रथा बंद झाली.

इकडे नोकियाने २०१० साली स्टीफन एलॉप नावाचे गृहस्थ मायक्रोसॉफ्टमधून आणून गादीवर बसवले. त्यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्याच नोकरांना एक पत्र लिहिले. समुद्रातल्या तेलाच्या फलाटाला आग लागली आहे, वर राहावे तर जळून मरायचे आणि उडी मारावी तर खाली गोठवणारे पाणी, अशी गोष्ट सांगून आपलाही फलाट पेटला आहे असे त्यांनी कळवले. आमचे ब्रँच मॅनेजर असे सर्क्युलर काढतील तर आधी चहा सुटेल आणि मग युनियनची मीटिंग भरेल. इथे आगीची बातमी साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत आली. आपलाच दुकानदार आपले दुकान पेटले आहे म्हणतो म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला थांबते?

नोकियाने उडी मारली ती मायक्रोसॉफ्टच्या होडीत. सिंबियन सोडले आणि विंडोज फोन धरला. जुन्या नावावर विश्वास ठेवून लोकांनी विंडोजवाले नवे फोन घेतले. तोच जून २०१२ मध्ये जाहीर झाले की विंडोज फोनची पुढची, आठवी, आवृत्ती आधीच्या फोनांवर चालणार नाही. म्हणजे सून माप ओलांडून आत आली आणि सासूने सांगितले, हे घर पाडायला काढले आहे. एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनांचा धंदाच मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला, त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला, आणि २०१५ साली मायक्रोसॉफ्टने या व्यवहारापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत म्हणून मांडले. आमच्याकडे कॅशमध्ये ७६० रुपयांचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत कुणी घरी जात नाही.

ब्लॅकबेरीची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती साहेबलोकांची. कॅनडातली कंपनी, बोटांच्या नखांएवढी बटणे, आणि २००५ पासून आपल्या गिऱ्हाइकांसाठी खास निरोपांची सोय. ब्लॅकबेरीवाल्याने ब्लॅकबेरीवाल्यालाच लिहायचे, बाकीच्यांनी पोस्टकार्ड टाकावे असा खाक्या. दुसऱ्या फोनांना ही सोय खुली केली ती ऑक्टोबर २०१३ मध्ये. तोवर बाकीच्यांना त्यांच्यावाचून करमू लागले होते. २०१९ च्या मे अखेरीस ती सोय बंद झाली.

अशी तीन राज्ये गेली आणि दोन उरली. रयत डोक्यावर बोचकी घेऊन निघाली. इथे आमच्या धंद्याचा प्रश्न येतो : बोचक्यात काय काय आले?

आमची शाखा कोअर बँकिंगवर गेली तेव्हा आम्ही तीन रात्री जागून प्रत्येक खात्याची बाकी जुन्या लेजरशी ताडून पाहिली होती. एका मयत खातेदाराचे अकरा रुपये चाळीस पैसेसुद्धा नव्या घरी सुखरूप पोचले. फोनांतरात अशी टॅली कोण करतो? कुणी नाही. काही गोष्टी आपोआप येतात, काही येतच नाहीत, आणि यामागे नशीब नसून हिशेब आहे.

नावे आणि नंबर येतात. का? १९९५ साली ॲपल, आयबीएम, एटी अँड टी आणि सीमेन्स या चार कंपन्यांच्या एका संघाने नाव-पत्ता लिहिण्याची एक सामायिक रीत सुचवली. तिला व्ही-कार्ड म्हणतात. ती कुणा एकाच्या मालकीची राहिली नाही, म्हणून सगळ्यांना वाचता येते. फोटो येतात, कारण ते ज्या जेपेग पद्धतीने साठवतात ती १९९२ पासून साऱ्या जगाची आहे. आपला नंबर आपल्याबरोबर येतो, तो तर सरकारने कायद्याचा बडगा दाखवला म्हणून : २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. त्याआधी मोबाइल कंपनी सोडायची तर नंबरही सोडावा लागे, आणि लोक केवळ नंबरासाठी वाईट संसार निभावत.

थोडक्यात, जे सर्वांचे आहे ते येते. जे कंपनीचे आहे ते मागे राहते. आणि मागे राहतात ते नेमके निरोप.

हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटले नसेल, पण मला बँकवाला म्हणून वाटते. बँका काय एकमेकींच्या मैत्रिणी आहेत? तरी एकीचा चेक दुसरीत वटतो. १७७० च्या सुमारास लंडनमध्ये बँकांचे कारकून एकमेकांचे चेक घेऊन दारोदार फिरत. पाय दुखू लागल्यावर त्यांनी लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या एका पिण्याच्या दुकानात जमून तिथेच चेकांची अदलाबदल सुरू केली. क्लिअरिंग हाउसचा जन्म हा असा. मोठमोठ्या सावकारांना जे सुचले नाही ते कारकुनांना सुचले, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आले. आता भाजीवालीच्या खोक्यावर कुणाचेही कोड असो, तुमच्या फोनात कुठलेही ॲप असो, मेथीचे वीस रुपये बरोबर पोचतात. पैसे जाऊ शकतात आणि ‘जेवलास का’ हा प्रश्न जाऊ शकत नाही, ही अडचण यंत्राची कशी असेल?

नव्हतीच. ॲपलने २०११ साली आयफोनवाल्यांसाठी आपली निरोपांची सोय काढली. कुणी आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला की गंमत होई. जुने मित्र आयफोनवरून लिहीत, त्यांचा फोन निरोप ॲपलच्याच वाटेने पाठवी, आणि तो ज्याला पाठवला त्याला मिळतच नसे. म्हणजे तुम्ही गिरगावातून डोंबिवलीला गेलात तरी पोस्टमन जुन्याच चाळीत पत्र टाकतो आहे, आणि खोलीला कुलूप. आमच्याकडे पत्ता न लागलेली रक्कम निदान सस्पेन्स खात्यात तरी राहते. २०१४ साली अमेरिकेत यावरून कोर्टबाजी झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपले नाव त्या यादीतून काढून घेण्याची सोय ॲपलने उघडली.

हीच सोय अँड्रॉइडवर का देत नाही, याचे उत्तर २०२१ साली दुसऱ्याच एका खटल्यात बाहेर आले. कंपनीतल्या क्रेग फेडेरिगी या बड्या अधिकाऱ्याने पूर्वी आतल्या आत लिहिले होते की, तसे केले तर आयफोनवाल्या घरांतल्या मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देण्यातली अडचण तेवढी दूर होईल. अडचण दूर होईल म्हणून करायचे नाही! असे उत्तर मी काउंटरवर दिले तर ग्राहक मंच मला सोडणार नाही. २०२२ साली एकाने भर सभेत टिम कुक यांना सांगितले की, माझे व्हिडिओ आईच्या फोनवर धड जात नाहीत. त्यावर साहेब उत्तरले, आईला आयफोन घेऊन द्या. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकन सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आयफोनने निरोपांची नवी सामायिक पद्धत एकदाची स्वीकारली. आईचा आयफोन वाचला.

आपल्याकडे लोक लिहितात ते व्हॉट्सॲपवर, आणि ते दोन्ही राज्यांत चालते. पण चालणे वेगळे आणि सामानासकट हलणे वेगळे. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. आयफोनवरचे जुने निरोप अँड्रॉइडवर नेण्याची अधिकृत वाट २०२१ मध्ये निघाली, तीही सुरुवातीला सॅमसंगच्याच फोनांवर, आणि उलट दिशेची २०२२ मध्ये. बारा-तेरा वर्षे माणसे एका राज्यातून दुसऱ्यात गेली ती भूतकाळ नाक्यावर ठेवून. हुशार माणसे मजकूर ई-मेलने काढून घेत. पण त्यात कागद हाती लागत, गप्पा लागत नसत. आपल्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवले आहेत, पण मोडी वाचणारे मोजके. निदान ते कागद उघडून बघता तरी येतात.

आमच्या शाखेत एक पेन्शनर येतात. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला स्वतः येतात, म्हणजे पुरावा बरोबरच असतो. २०१९ च्या नोव्हेंबरात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दोन फोन दिसले. एक जुना, काचेला तडा गेलेला. दुसरा मुलाने परदेशातून आणलेला, निराळ्या घराण्याचा.

“दोन-दोन फोन, काका? शेअर बाजारात उतरलात की काय?”

“नव्यात नवा नंबर घेतलाय. जुन्यात ही आहे,” ते म्हणाले.

काकू वर्षभरापूर्वी गेल्या होत्या. त्यांना लिहायचा कंटाळा, त्यामुळे सगळे निरोप बोलून पाठवलेले. काकांनी एक ऐकवला. ‘अहो, येताना नारळ आणा, मोठा नको, मागच्या वेळेसारखा नासका तर मुळीच नको.’ मागे कुकरची शिट्टी. माझ्या शेजारची कॅशिअर नोटा मोजायची थांबली. जुना नंबर नव्या फोनात नेला तर जुन्यातले ॲप बंद पडते, असे त्यांना दुकानात सांगितले होते, आणि ते खरेच होते. म्हणून काका दर अठ्ठावीस दिवसांनी जुन्या नंबरात पैसे भरत. त्यावर फोन मात्र कुणाचाच येत नसे.

२०२२ मध्ये नवी वाट निघाल्याचे मी वाचले आणि नोव्हेंबरात काका आल्याबरोबर त्यांना आनंदाची बातमी दिली. नियमही वाचून दाखवले. नवा फोन आधी कोरा करायचा, त्यातले सगळे पुसायचे, मग जुन्यातले निरोप आत घ्यायचे.

“सगळं पुसायचं?”

“आधी दुसरीकडे ठेवून घेऊ ना, काका. मुलाला विचारू.”

“यात नातू पहिल्यांदा चालला तो व्हिडिओ आहे.” त्यांनी दोन्ही फोन उचलून खिशात टाकले. “राहू दे. वजन काही फार नाही.”

फॉर्मवर सही करून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला, आणि जाता जाता भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट दाखवले. हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनवरूनही देता येतो, असे त्यावर लिहिलेले होते.

“हे कुठल्या फोनवरून द्यायचं असतं हो?”